परवान्यावरचं नाव

इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या एका अभिलेखागारात मी काम करते. परवा सत्तरीचे एक गृहस्थ आले. टॉवेलमध्ये गुंडाळलेला कथलाचा मग त्यांनी टेबलावर ठेवला. बुडावर पबचं नाव आणि त्यांचं आडनाव कोरलेलं.

"समुद्रावर आमचा पब होता. पणजोबांनी उभा केला," ते म्हणाले. "कागद मिळायचे नाहीत, माहीत आहे मला." शेजारचं हॉलसॅन्ड्स गाव २६ जानेवारी १९१७ च्या वादळात समुद्राने नेलं, त्यातल्या पबसकट. तसेच आपलेही कागद गेले, अशी त्यांची समजूत.

पण पबच्या दारू-परवान्याचे कागद गावात नसतातच. १८७२ च्या कायद्याने त्यांची नोंदवही ठेवणं न्यायालयाच्या कारकुनावर बंधनकारक झालं.

आधी जनगणना काढली. १८५१ मध्ये पणजोबांचे वडील: 'पबचालक आणि मच्छीमार'. किनाऱ्यावर एका धंद्यावर घर चालत नसे, त्यामुळे अशा जोडनोंदी बऱ्याच दिसतात. १८६१ मध्ये ते नाहीत. त्यांच्या जागी बायको: 'कुटुंबप्रमुख, विधवा, पबचालक'. १८७१ ला तीच. १८८१ लाही तीच, आणि मुलापुढे नुसतं 'मच्छीमार'.

मग परवान्यांची जाडजूड वही आणली. तिच्या नावापुढे शिक्षेचा रकाना कोरा. वेळेनंतर दारू दिली, गिऱ्हाइकाला झिंगू दिलं, तर तिथे नोंद व्हायची. मच्छीमारांच्या गावात एकट्या बाईने तो रकाना कोरा राखला, याचं मला फार अप्रूप वाटलं. १८८६ मध्ये परवाना मुलाच्या नावावर झाला. घरच्यांची आठवण तिथूनच सुरू होत होती.

"हिच्याबद्दल घरात काय सांगायचे?" मी विचारलं.

ते बराच वेळ आठवत राहिले. "खेकडे छान उकडायची म्हणे."

मला माझी आजी दिसली. आजोबा गेल्यावर मालवणातली खानावळ तिने तीस वर्षं चालवली. पाटीवर नाव मोठ्या काकांचं.

त्यांनी खिशातून वंशावळीचा कागद काढला. घड्या पडून जीर्ण झालेला. तिच्या जागी फक्त 'पत्नी' लिहिलेलं. नोंदवहीतलं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेन काढलं. वाचनकक्षात शाई चालत नाही. मी माझी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.