सकाळची पहिली दहा पावलं

टाचेच्या मागे, तीन बोटं वर, एक जाड दोरी असते. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी. डॉक्टर तिला अकिलिस टेंडन म्हणतात, शुद्ध मराठीत कंडरा. वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत माझा आणि तिचा काही परिचय नव्हता. मग एका सकाळी पलंगावरून उतरले आणि पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागली.

मला नऊ वर्षांपासून मधुमेह, सहा वर्षांपासून बीपी. दोन्हींसाठी रोजचं चालणं ठरलेलं. डावी टाच दुखायला लागल्यावर ते बंद झालं. ‘जरा आराम कर’ असं जो तो सांगत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडतही होतं. दोन महिने मनसोक्त आराम केला. बसून राहिलं की टाच बरी वाटायची. जरा लांब गेलं की पुन्हा तेच. तेवढ्यात तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ७.४ वरून ८.६ वर गेली. वजन साडेतीन किलोंनी वाढलं, आणि तो भार उचलायला पुन्हा तीच टाच!

गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांनी मला एका एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे, म्हणजे आजार आणि औषधं बघून व्यायाम ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवलं. मला वाटलं, फिजिओथेरपिस्टच असेल, मशीन लावेल, शेक देईल. समोर तिशीतला मुलगा. ‘या काकू’ म्हणाला तेव्हाच माझा थोडा मूड गेला. पहिल्या दिवशी व्यायाम काहीच नाही, नुसती चौकशी. कुठली गोळी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना तपासली. मग तीस मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटं येरझाऱ्या घालायला लावल्या. ३६५ मीटर झाले. ‘आधी काय थकलं, पाय की दम?’ त्याने विचारलं. उत्तर देताना मलाच नवल वाटलं. दम! टाच जपता जपता मी छाती गमावून बसले होते. शेवटी एका पायावर उभं राहून टाच उचलायची होती. उजवीकडे चौदा वेळा जमलं, डावीकडे चार.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंडरेला रक्तपुरवठा कमी, ती सावकाश बदलते, आणि बदलते ती भार पडल्यावरच. आरामाने दुखणं दबतं, पण भार पेलायची ताकदही उतरते. म्हणून भार द्यायचा, मोजून द्यायचा.

मोजायचा कसा, हा खरा धडा. माझ्या बीपीच्या गोळ्यांत एक बीटा-ब्लॉकर आहे. ती घेतल्यावर नाडी हवी तेवढी वाढतच नाही. मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून मी स्वतःला ‘अजून जोर लाव’ म्हणत असे, ते साफ चुकीचं होतं. त्याने घड्याळ काढायला लावलं आणि एक तक्ता दिला, ६ ते २० आकड्यांचा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेला. आपल्याला किती श्रम वाटताहेत ते आपणच सांगायचं. सुरुवात सहापासून, कारण आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी येते. माझ्याबाबतीत तो हिशेब गोळीमुळे बाद, पण ‘१२ ते १३, बोलता येतं पण गाता येत नाही’ एवढं पुरलं.

टाचेसाठी दुसरा नियम. व्यायाम करताना दुखणं दहापैकी पाचपर्यंत गेलं तरी चालेल. निकाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. ती पहिली दहा पावलं किती दुखली, तो आकडा वहीत लिहायचा. कालच्याएवढा किंवा कमी असला तर पुढे, वाढला तर एक पायरी मागे. दुखतंय आणि तरी करायचं, हे पचायला मला दोन आठवडे लागले.

आधी नुसतं चवड्यांवर उचलून धरणं, ४५ सेकंद, पाच वेळा. इथे मी श्वास रोखून धरायची. तो ओरडलाच. श्वास रोखून जोर लावला की बीपी झटकन चढतं. तेव्हापासून मी मोठ्याने आकडे मोजते. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे. मग पायरीच्या कडेवर उभं राहून दोन्ही पायांनी वर, एका पायाने सावकाश खाली. पंधराचे तीन संच. हा प्रकार हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश सर्जनने १९९८ मध्ये धावणाऱ्या १५ जणांवर बारा आठवडे करून पाहिला होता. दुखणं थेट हाडाला चिकटलेल्या जागी असेल तर टाच पायरीखाली सोडायची नसते. माझं वर होतं, म्हणून मला सोडायची परवानगी.

चालणं जेवणानंतर, आधी दहाच मिनिटं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्याचा परिणाम एखाद-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा करायचा नाही.

पाचव्या आठवड्यात पाय हलका वाटला आणि मी उत्साहाच्या भरात तासभर चालून आले. सकाळचा आकडा ७. चार दिवस लंगडले. फोन केला तर म्हणाला, ‘बंद नका करू, तिसऱ्या आठवड्यावर जा.’

त्याहून मोठी चूक सातव्या आठवड्यातली. दुपारी कमी जेवून संध्याकाळी व्यायाम केला. अचानक दरदरून घाम फुटला. छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, म्हणून मी उकाड्याचा घाम समजले. शुगर निघाली ६४. साखर उतरल्याची धडधड आणि थरथर बीटा-ब्लॉकर झाकून टाकतो, घाम तेवढा झाकत नाही. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. पाण्यात ग्लुकोज घेतलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. माझी एक गोळी साखर फार खाली नेणाऱ्यांपैकी. डॉक्टरांनी ती अर्धी केली. आता व्यायामाआधी मोजल्याशिवाय पायरीवर चढत नाही.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.३. सहा मिनिटांत ४४० मीटर. बीपी थोडं उतरलं, पण गोळी तीच. डाव्या पायावर टाच उचलणं चार वेळांवरून अकरावर आलं, तिथेच अडकलं आहे. तो म्हणतो, वर्ष लागेल. हल्ली त्याचं ‘काकू’ खटकत नाही. वहीत आज सकाळी १ लिहिला. परवा २ होता, कारण आदल्या दिवशी पाठीवर पाच किलोंची पिशवी घेऊन पायरीवर उभी होते.