आमची वाटचाल : मापाची वही

माझे वडील कराडचे गवंडी. 2009 ला मी स्वतःच्या नावावर कामं घ्यायला लागलो तेव्हा चार मिस्त्री, सहा बिगारी आणि भाड्याचा मिक्सर एवढंच होतं. कामं मिळायची, पण घरमालक पहिल्या दिवसापासून संशयानेच बघायचे. त्यांचं तरी काय चुकलं, आमच्याच गल्लीतल्या एका काकांकडून उचल घेऊन ठेकेदार प्लिंथवरच, म्हणजे जोत्यापर्यंतच बांधून, काम सोडून गेला होता, दोन पावसाळे कॉलमचे गज उघड्यावर गंजत उभे होते.

भांडणं सगळ्यात जास्त मापावरून. प्लास्टरचा रेट ब्रासवर, म्हणजे 100 स्क्वेअर फुटाला, पण खिडक्या-दारं वजा करायची का नाही हे आधी कोणी बोलतच नाही, ठेकेदार म्हणतो कडा काढायला मेहनत जाते, वजा नको, मालक म्हणतो जिथे भिंतच नाही तिथले पैसे कसले, आणि मला विचाराल तर दोघांचंही बरोबर असतं. म्हणून आम्ही वही सुरू केली. काय वजा, काय नाही, ते काम सुरू व्हायच्या आधीच लिहायचं. मोजताना टेपचं एक टोक आमच्या पोराकडे, दुसरं मालकाकडे, आकडा मोठ्याने वाचायचा, खाली दोघांच्या सह्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बंद करून 48 तास पाणी भरून ठेवतो, पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारतो, आणि खालच्या खोलीतून स्लॅबला ओल आलीय का ते मालकाने स्वतः बघायचं.

पोरं मात्र मिळत नव्हती. गवंड्याचा पोरगा पण म्हणायचा डिलिव्हरीची गाडी बरी. आणि का नाही म्हणणार? माझ्या वडिलांना तीन वर्षं घमेली उचलल्यावर थापी हातात मिळाली होती, तोवर नुसतं "ए बिगारी". आता आमच्याकडे नवीन पोराला पहिल्याच महिन्यात टेप आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीचं वजन) देतो, सहा महिन्यांत आतल्या भिंतीचं प्लास्टर, पगार बँकेत, आणि ज्याने भिंत केली त्याचं नाव वहीत.

गेल्या वर्षी आयटीआय केलेला एक 19 वर्षांचा पोरगा मलकापूरला एका काकूंच्या घरी प्लास्टर करत होता. संध्याकाळी ओळंबा सोडला तर भिंत वरच्या बाजूला चांगली बोटभर बाहेर. मी साइटवर नव्हतो. त्याने मला फोन करायच्या आधीच काकूंना सांगितलं, "काकू, ही भिंत चुकलीय माझी, ओलंय तोवर काढतो, उद्या परत करतो." माल आमचा गेला, पण मला त्या पोराचा फार अभिमान वाटला.

काकूंनी नंतर भावाच्या घराचं काम आम्हालाच दिलं, तो पोरगा पाहिजे म्हणून सांगून. परवा तिथला स्लॅब ओतून झाला. 10 दिवस पाणी मारायचंय, सकाळ-संध्याकाळची नोंद तोच ठेवतोय.