नवतप्यात अंजिराच्या काड्या: आतापर्यंतची खबरबात

अंजिराच्या काड्या लावायच्या त्या हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर. पण शेजारच्या काकांनी कंपाउंडसाठी पुणेरी अंजिराच्या फांद्या तोडल्या त्या ऐन वैशाखात. फेकवल्या नाहीत.

पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी सालीच्या काड्या निवडल्या. डोळ्याच्या जरा खाली काप घेतला, पानं सगळी काढली, चीक थांबेपर्यंत बुडखे धुतले. अर्ध्या काड्या काचेच्या बाटलीत फळीवर, अर्ध्या कुंभाराकडच्या नव्या गाडग्यात. गाडगं माठाशेजारी ओल्या रेतीत रुतवून ठेवलं. आई म्हणे, "त्या काड्याईचे एवढे लाड कायले?"

लाड पाण्याचे आहेत. आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी टाकीचं पाणी हात पोळवतं. २० अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशाला ७ च्या आसपास. त्यात गरम पाण्यात जिवाणू माजतात आणि उरलेलाही तेच खातात. मुळं फुटायच्या आधी बुडखा सडतो तो यामुळे. गाडगं पाझरतं, म्हणून पाणी गार राहतं. आत अंधार, म्हणून शेवाळही नाही. मुळं दिसत नाहीत एवढंच. रोज सकाळी पाणी बदलताना काडी उचलून बघायची.

बाटलीतल्या काड्यांना पानं आधी आली. त्यावर भुलू नका, काडीतल्या साठ्यावर पानं फुटतातच. थोड्याच दिवसांत त्यांचे बुडखे काळे, बुळबुळीत झाले. गाडग्यातल्यांच्या सालीवर आधी पांढरे दाणे फुगले (ती मुळं नव्हेत), मग डोळ्यांपाशी खरी मुळं निघाली.

बोटाच्या दोन पेरांएवढी मुळं झाली तशा काड्या काळ्या पिशव्यांत हलवल्या. रेती जास्त, कुजलेलं शेणखत थोडं, कपाशीची काळी माती अजिबात नाही. पाण्यातली मुळं काचेसारखी मोडतात, म्हणून माती दाबली नाही, वरून पाणी सोडून बसवली. पहिले काही दिवस पिशवी चिंब, मग हळूहळू ओल कमी. सध्या सगळ्या कूलरच्या खोलीत आहेत, मृग बरसला की पडवीत.

जमिनीत मात्र पावसाळा सरल्यावरच, तेही वरंब्यावर. आमच्या काळ्या रानात पाणी तुंबतं आणि अंजिराला ते सोसत नाही. कोणाकडे अंजिराची दिनकर जात असेल तर थंडीतल्या छाटणीच्या काड्या राखून ठेवा, बदल्यात यातलं एक रोप देतो.