डोळ्यांच्या दुखण्याची ट्रायल आणि नॉमिनीचा रकाना

लॅसिकनंतर, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशननंतर, माझे डोळे दुखायचे काही थांबेनात. जळजळ, टोचणं, एसीत बसलं की विचारूच नका. जो तो डॉक्टर तपासून "कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) एकदम क्लिअर आहे" म्हणणार आणि ड्रायनेसचे ड्रॉप्स लिहून देणार. शेवटी एकांनी डोळा बधिर करायचा थेंब घातला, दुखणं जवळजवळ गेलंच, तेव्हा ते म्हणाले कॉर्नियाच्या नसांचं दुखणं असू शकतं, त्यावरच्या ड्रॉप्सची ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषधाची चाचणी, चालू आहे, जाऊन बघा.

गेले. आणि अडकले ते कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीच्या कागदांवर. कोऑर्डिनेटर बाईंनी पानांची चळत समोर ठेवली आणि "इथे, इथे आणि इथे सही करा मॅडम, सगळे करतात" सुरू. मी म्हटलं घरी नेऊन वाचते, तर "घरी न्यायची पद्धत नाही". पद्धत नाही म्हणजे काय? दुखणाऱ्या डोळ्यांनी एवढी बारीक अक्षरं ट्यूबलाइटखाली तिथेच बसून वाचायची? त्यात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि शेवटी नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं! उत्पन्न कशाला हवंय विचारलं तर "फॉरमॅट आहे", नॉमिनी कशाला तर तेच, "फॉरमॅट आहे". नवऱ्याला फोन केला, तो एकदम गप्प, मग म्हणे डोळ्याच्या थेंबाला नॉमिनी लागतो? तू आधी घरी ये.

मग घरी बसून शोधलं. २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांत हा नॉमिनीचा रकाना छापलेलाच आहे, ट्रायलमुळे कुणी दगावलं तर भरपाई कुणाला द्यायची त्यासाठी. आणि भरलेल्या फॉर्मची, माहितीपत्रकाची कॉपी पेशंटला द्यायची हेही तिथेच लिहिलंय. एवढं दोन वाक्यांत सांगता येत नव्हतं त्या बाईंना? पुढच्या वेळी मी हट्टच धरला, मुख्य डॉक्टरांना भेटल्याशिवाय सही करणार नाही म्हणून बाकड्यावर बसून राहिले, बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण डॉक्टर आले, शांतपणे सगळं समजावलं, माहितीपत्रक मराठीतून घरी न्यायला दिलं. ते होतंच की त्यांच्या कपाटात! नवऱ्याने वाचलं, नॉमिनीत स्वतःचं नाव घालायला तयार झाला, मग मी सही केली आणि कॉपी घेऊनच उठले.

त्यानंतर स्क्रीनिंग, म्हणजे मी ट्रायलमध्ये बसते का याची तपासणी, पटकन झालं. शिर्मर टेस्ट म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं, किती ओली होते ते मोजतात, चुरचुरतं पण होतं सहन. मग ० ते १० मध्ये दुखणं किती ते रोज डायरीत लिहायचं. ते त्या त्या वेळीच लिहा, रात्री आठवून लिहिलं की सगळे दिवस सारखेच वाटतात. वॉशआउटमध्ये, म्हणजे आधीच्या औषधांचा असर उतरू द्यायच्या दिवसांत, नेहमीचे काही ड्रॉप्स बंद करायला लावले, ते दिवस वाईट गेले, हे वॉशआउटचे दिवस ऑफिसच्या क्लोजिंगमध्ये तरी घेऊ नका.

हां, आणि सही करायच्या आधी ट्रायल सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीच्या, साइटवर शोधा, कुणीही बघू शकतं, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची) मंजुरी पण दिसते. मधेच सोडायचं असेल तर सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. डोळ्यात औषध आहे की नुसता प्लासिबो (औषध नसलेले, दिसायला तसेच थेंब), हे मलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही, त्यामुळे फरक पडला का असं प्लीज विचारू नका. येण्याजाण्याचे पैसे मिळतात पण बिल लागतं, साधा रिक्षावाला कुठून देणार, म्हणून ॲपवरूनच गाडी बोलवा.