फाइलमध्ये मी ‘परसेव्हरेशन’ लिहिलं

पक्षाघातानंतर बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करण्याचं माझं काम. अहिल्यानगर जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक, मंडळीचे पंच, रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचणारे, माझ्याकडे आले तेही उशिराच. हातापायांच्या व्यायामाला रुग्णाला लगेच पाठवतात, वाचेची आठवण घरी गेल्यावर होते.

डाव्या मेंदूत गुठळी, ब्रोकाचा अफेजिया: समजतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. 1861 साली पॉल ब्रोकाने पॅरिसमध्ये तपासलेला रुग्ण फक्त ‘टॅन’ म्हणायचा. आमचे गुरुजी ‘ते... ते...’ म्हणत. किल्ली दाखवली की डाव्या हाताने कुलूप उघडल्याची खूण करत, शब्द मात्र येत नसे. समजत सगळं होतं. हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. बोलत नाही म्हणजे कळत नाही असं धरून खाटेशेजारीच काय वाटेल ते बोलतात.

प्रार्थनेला येणाऱ्यांनीही तेच केलं. बायबलमधलं नीतिसूत्रे 18:21 काढायचं, जीवन-मरण जिभेच्या हाती आहे म्हणायचं, आणि ‘मी बरा झालो’ असं मुखाने कबूल करा म्हणून गुरुजींच्या मागे लागायचं. एकाने तर मार्क 11:23 मधला, विश्वासाने बोललं की हटणारा डोंगर सांगून गुरुजींच्या पत्नीला, काकूंना, ऐकवलं की मुखात कबुली नाही म्हणून आरोग्य अडलंय. गुरुजी ऐकत होते. मी ख्रिस्ती आहे, बोललेल्या शब्दाचं सामर्थ्य मानते. पण जखमी मेंदूच्या मुकेपणाला अविश्वास म्हणणं ही क्रूरता आहे. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस पत्र 8:26 यांच्या बायबलात नाही का?

मनाने जुळवलेलं वाक्य आणि पाठ असलेलं बोलणं मेंदूतून एकाच वाटेने येत नाही. इंग्रज मेंदूतज्ज्ञ ह्यूलिंग्स जॅक्सनने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं. म्हणून आम्ही आकडे, वार, मनाचे श्लोक, कलमा, ज्याला जे पाठ असेल ते म्हणायला लावतो. कुणाच्या तोंडून आधी शिवीच येते आणि घरचे ओशाळतात. गुरुजींबरोबर मी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना घेतली, त्यांच्या डाव्या हातावर ठेका देत, सावकाश. ‘तुझे राज्य येवो’पासून ते माझ्याबरोबर होते. मग मी शेवटचा शब्द गाळू लागले. “आमची रोजची...” “भाकर.” काकूंकडून ताट मागवलं, भाकरीवर बोट ठेवलं. “हे काय?” ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “भा... कर.” पाठांतरातला शब्द वस्तूवर येऊन बसला. एवढ्यासाठी आम्ही आठवडेच्या आठवडे घालवतो.

तेवढ्यात धाकटा भाऊ दारात आला. वडिलोपार्जित जमिनीवरून दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. “सलाम, दादा,” एवढंच म्हणून तो खाटेपाशी उभा राहिला. काकूंनी मला थांबू नका अशी खूण केली. “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण...”

“सोडले,” गुरुजी म्हणाले आणि पुढे सरकलेच नाहीत. धाकट्याचं मनगट धरलं. “सोडले. सोडले. सोडले.”

धाकटा ओक्साबोक्शी रडला.

आता, एकच शब्द तोंडात अडकून फिरत राहणं, म्हणजे परसेव्हरेशन, हे अफेजियातलं नेहमीचं लक्षण आहे. भाकरीनंतर दाखवलेल्या चमच्यालाही ते ‘भाकर’च म्हणाले होते. फाइलमध्ये मी तसंच नोंदवलं. पण चमचा दाखवल्यावर त्यांनी कुणाचं मनगट धरलं नव्हतं.

खात्री करता येईल. हो-नाहीची कार्डं ते बिनचूक दाखवतात. काकूंना तसं म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “कशाला विचारता, मॅडम? तोंडाने बोलले ना ते?”

माणूस आपल्या बोलण्यावरून नीतिमान ठरेल, असं मत्तय 12:37 म्हणतं. त्यात पाठांतरातून निसटलेला शब्द धरायचा का? उभा जन्म रोज तेच वाक्य म्हटल्यावर ते नुसतं पाठांतर उरतं का? आणि कार्डावर ‘नाही’ आलं, तर ते मी कुणाला सांगू? मला ठरवता आलेलं नाही. कार्डांवर मी चहा, दार, दुखणं एवढंच विचारते.

गुरुजी आता पाणी स्वतःहून मागतात. धाकटा बाजारच्या दिवशी येऊन बसतो. सरावाच्या नव्या यादीत त्याचं नाव घेतलंय, पहिलं अक्षर अजून जमत नाही.