उद्यमनगरची पितळी पुली

काकांचा रेकॉर्डप्लेअर कधी बिघडलेलाच नव्हता. हे लिहिताना मला फार आनंद होतोय, कारण आमच्या घरात इतकी वर्षं एकच ठरलेलं उत्तर होतं, "बोटीवर मार बसला त्याला."

मशीन ड्युअल कंपनीचं, मॉडेल १०१९. जर्मन बनावटीचं, काकांनी डेट्रॉइटला नोकरीत असताना घेतलेलं. १९७४ साली ते कायमचे कोल्हापूरला आले, तेव्हा मशीन आलं आणि त्याच्यासोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही. जोडलं, तबकडी फिरली, पण गाणं जड, झोपाळलेलं. आई इथल्या देवल क्लबात गाणं शिकलेली. तिनं पेटी ओढली, सूर धरला आणि म्हणाली, "रेकॉर्डवरच्या बाईंची पट्टी काळी चार. इथं पांढरी चार लागतीय. बरोब्बर तीन पट्ट्या उतरलंय." दुरुस्तीवाल्यानं मोटार कमजोर झाली म्हणून सांगितलं, जर्मनीहून नवी मागवायचा खर्च ऐकून काका गप्प झाले, आणि मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते खाली काढलं तेव्हा मला आईचं ते 'बरोब्बर' आठवलं. दमलेली मोटार अशी मोजून तीन पट्ट्या कशी उतरेल? ती कधी कमी, कधी जास्त रेंगाळेल. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेवढेच राहतात, आणि अशा मोटारीचा वेग हर्ट्झवर ठरतो. म्हणजे ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेणार, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार. आणि ६० ला ५०, म्हणजे सहास पाच, हे तर कोमल गंधार आणि षड्ज यांचंच नातं! सगळं गाणं कोमल गंधारावरून षड्जावर येऊन बसलं होतं. आईच्या कानानं १९७४ सालीच निदान केलं होतं, फक्त ते कुणी विजेच्या भाषेत वाचलं नाही.

दोष होता मोटारीच्या दांड्यावरच्या पितळी पुलीत. तिला चार वेगांच्या चार पायऱ्या असतात, मधलं रबरी चाक त्यातल्या एकीला टेकतं आणि तबकडीला फिरवतं. ६० हर्ट्झची पुली बारीक असते. आपल्या विजेवर प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट हवा. वेग थोडा कमीजास्त करायची खुंटी या मशीनला आहे, पण ती दोन-तीन टक्क्यांची. वीस टक्के तिच्या आवाक्याबाहेरचे.

गाव कोल्हापूर असल्यावर पुलीसाठी जर्मनीला कशाला जायचं? मी उद्यमनगर, आमच्या गावातली कारखान्यांची वस्ती, गाठलं. ओळखीच्या मिस्त्रींनी जुनी पुली उजेडाला धरली, मायक्रोमीटर लावला. "दादा, पायरी सरळ न्हाई, जरा निमुळती हाय. मुद्दाम केलीया." बरोबर होतं. त्या निमुळतेपणावर रबरी चाक वरखाली सरकतं, तीच वेगाची खुंटी. भोक आणि चारही पायऱ्या त्यांनी लेथवर एकाच बांधणीत काढल्या, पितळेचा तुकडा अर्ध्यात सोडवला नाही. पुली केसभर जरी एकीकडे गेली तरी सूर थरथरतो, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. "गाण्याचं काम हाय," एवढंच म्हणाले. हे हात या गावात आहेत याचा मला मनापासून अभिमान आहे.

बाकीचं घरी केलं. आतलं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालं होतं, ते स्पिरिटनं पुसलं. मोटारीचा दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांना शिलाई मशीनचं तेल दिलं, रबरी चाकाची चकाकी बारीक पॉलिशपेपरनं घालवली. सुई आपोआप उचलून ठेवणाऱ्या यंत्रणेत एका खिट्टीवर इवलंसं रबरी टोपण असतं. या ड्युअल मशीनमध्ये ते हमखास झिजून चुरा होतं. तिथं सायकलच्या व्हॉलट्यूबचा तुकडा चपखल बसतो. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, 'शूर' (Shure) कंपनीचं होतं, ती कंपनी २०१८ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, पण तिच्या जुन्या कार्ट्रिजना बसणाऱ्या सुया जपानमध्ये अजून बनतात.

वेग तपासायला कागदी चकती छापून घेतली. ५० हर्ट्झवर ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा लागतात. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. (आता बऱ्याच एलईडीखाली हे जमत नाही, म्हणून ती एक ट्यूब मी काढू देत नाही.) रेघा उभ्या राहिल्या. आईनं तरीही पेटी मागवलीच. तीच रेकॉर्ड लावली, तिनं सूर दाबला, "काळी चार," म्हणाली, आणि पूर्ण बाजू डोळे मिटून ऐकली.

चार वेगांतला १६⅔ कशाला, असं पुतणीनं विचारलं. तिला सांगितलं की १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' अंतराळयानांवर पाठवलेली तबकडी याच वेगानं वाजते, आणि तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ज्या अल्लादिया खाँसाहेबांकडे केसरबाई शिकल्या, त्यांना शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात आश्रय दिला होता.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मात्र अजून लावल्या नाहीत. त्यांची खाच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी नुसती घासते, खरखर तेवढी वर येते. त्यांच्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई मागवली आहे.

तुमच्याकडे अमेरिकेतून आलेला १०१९ माळ्यावर असेल आणि गाणं तीन पट्ट्या खाली लागत असेल, तर मोटार बदलू नका. मिस्त्रींनी काढलेलं पुलीचं रेखाटन, सगळ्या मापांसकट, माझ्याकडे आहे. मागा, पाठवतो.