शेवटचे तीन सेकंद

परवा आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर कुणीतरी एका मॅचचा रीप्ले (रेकॉर्डिंग) टाकला, गेममधली फट वापरून कुणीतरी जिंकलेलं, आणि त्याखाली परत तेच सुरू झालं, हे चीटिंग आहे, नाही रे स्किल आहे, मग कुणीतरी ते नेहमीचं वाक्य टाकलं की "गेमच करू देतंय ना, मग प्रॉब्लेम काय". मी रिप्लाय टाईप करत होतो आणि मध्येच थांबलो, कारण हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं आहे, ते पण एका जवळच्या मित्राला, गेममध्ये त्याची राजधानी खाल्ल्यावर.

तर झालं असं होतं. आम्ही सहा जण एक टर्न-बेस्ड गेम खेळत होतो, साम्राज्य बांधायचं, शहरं वसवायची, मग एकमेकांच्या उरावर बसायचं वगैरे. टर्न-बेस्ड म्हटलं तरी ऑनलाइनमध्ये एकेकाची वाट बघत बसलं तर रात्र सरते, म्हणून सगळे एकाच वेळी चाली करतात, वर टायमर चालू असतो, आमचा 90 सेकंदांचा होता. टायमर शून्यावर आला की टर्न संपला, सगळ्यांच्या सैन्याला नव्याने चाल मिळाली. आता यातली भानगड बघा. मी घोडेस्वार धुक्यात, म्हणजे नकाशाचा जो भाग त्याला दिसत नाही तिथे, उभे ठेवले, काहीही केलं नाही, टायमर तीनवर आला तेव्हा सगळे एकदम शहराच्या बाजूला आणून ठेवले, दोन, एक, शून्य, नवीन टर्न उघडला आणि त्याच क्षणी परत क्लिक, हल्ला. त्याचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा स्लो, त्याच्या स्क्रीनवर नवा टर्न दिसेपर्यंत माझे दोन वार पडलेले. त्याचे भालेवाले शहराबाहेर नकाशावरच्या एकाच घरावर (पटावर असतं तसं घर) उभे होते हो, फक्त आत घ्यायचे होते. मधे त्याला चालच मिळाली नाही.

"अरे हे कुठून आले??" त्याने लिहिलं. मी लिहिलं, "टायमिंग, भावा." त्यावर तो "नाइस" म्हणाला, आणि खरं सांगतो, मला तेव्हा भारी वाटलं होतं.

याला डबल मूव्ह म्हणतात, हे मला तेव्हा व्यवस्थित माहीत होतं. सिव्हिलायझेशन हा साम्राज्य बांधायचा गेम सीरियस खेळणाऱ्या लोकांत हा जुना वाद आहे आणि त्यावर नियम पण आहेत. म्हणजे मला माहीत नव्हतं ही सबब पण नाही माझ्याकडे.

आता "बग वापरला म्हणजे चीटिंग" असं पण सरळ नाहीये, नाहीतर प्रश्न कधीच मिटला असता. 1998 चा स्टारक्राफ्ट हा लढाईचा गेम घ्या. त्यात एका वेळी 12 युनिटच (म्हणजे सैनिक, प्राणी, गाड्या वगैरे) सिलेक्ट होतात. लोकांच्या लक्षात आलं की 11 म्युटालिस्क (उडणारे हल्लेखोर प्राणी) आणि लांब कुठेतरी ठेवलेला एक ओव्हरलॉर्ड (उडणारा पण संथ प्राणी) असा ग्रुप केला, की म्युटालिस्क उडताना फॉर्मेशन न धरता एकमेकांवर चढतात आणि सगळे मिळून एका ठिपक्याएवढे होतात. मग समोरच्याला कळत नाही की यात पाच आहेत का अकरा, आणि वार सगळ्यांचा एकदम पडतो. हे कुणी डिझाईन केलं असेल असं वाटत नाही, पण कोरियातल्या प्रो लोकांनी त्याची अशी कला केली की बघत राहावं, आणि समोरच्यांनी पण उत्तरं शोधली, टरेट (विमानविरोधी तोफा) लवकर बांधायचे, मरीन सैनिकांसोबत त्यांना बरे करणारे मेडिक ठेवायचे. बग होता, पण त्यामुळे खेळ वाढला.

त्याच गेममधली दुसरी ट्रिक बघा. जमिनीत माईन (सुरुंग) पेरायचे, मग मेनूत जाऊन शत्रूलाच मित्र म्हणून टिक करायचं, त्यामुळे त्याचं सैन्य वरून गेलं तरी माईन गप्प बसतात, आणि सगळे मधोमध आले की टिक काढायची. धडाम. ही टुर्नामेंटमध्ये बॅन झाली, आणि बरोबरच झाली. पहिल्यात बोटांचं कसब आहे, दुसऱ्यात मेनू उघडला की झालं.

मला सगळ्यात जास्त छळते ती 2013 ची डोटा 2 ची मॅच, द इंटरनॅशनल या मोठ्या स्पर्धेत नावी विरुद्ध टाँगफू या दोन टीमची. (डोटा हा स्ट्रॅटेजी गेम नाही म्हणणाऱ्यांनी शांत राहा, वॉरक्राफ्ट 3 या स्ट्रॅटेजी गेमच्या पोटातूनच आलंय ते.) नावीचा पज नावाचा हिरो शत्रूला ओढून आणणारा हूक फेकतो, हूक हवेत असतानाच त्याच टीमचा चेन हा हिरो पजला थेट आपल्या घरी फाउंटनवर (टीमच्या तळावर, जिथे शत्रू टिकत नाही) टेलिपोर्ट करतो, आणि पकडलेला हिरो अख्खा मॅप पार करून फाउंटनसमोर येऊन पडतो आणि मरतो. पब्लिक वेडं झालं होतं. निर्णायक गेम होता, टाँगफू पुढे होते आणि हरले. पुढे पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) हूक बदलला आणि हा प्रकार बंद झाला. फेअर होतं का? मी दर वर्षी वेगळं उत्तर देतो. टेलिपोर्टला वेळ लागतो, तो हिशोब करून हूक फेकायचा म्हणजे दोघांचं टायमिंग कमाल लागतं, पण पकडलेल्या माणसाने करायचं काय? काहीच नाही, एकदा लागला की संपलं.

मॅप हॅकला, म्हणजे धुक्याआडचा सगळा नकाशा उघडा करून बघण्याला, मात्र मला डोकं लावावं लागत नाही. ते सरळ चोरी आहे. पण ते होऊ शकतं याचं कारण मजेशीर आहे. एज ऑफ एम्पायर्स 1997 चं, तेव्हा 28.8 केबीपीएसच्या संथ मोडेमवर शेकडो युनिटच्या जागा पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून फक्त कमांड पाठवायच्या, "याला तिकडे जा" एवढंच, आणि अख्खी लढाई प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळी पण हुबेहूब सारखी चालवायची. म्हणजे शत्रू कुठे आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला पहिल्यापासून माहीत असतं, तो फक्त तुम्हाला दाखवत नाही. पडदा वर करणारं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. असले लोक सापडतात पण रीप्लेमध्येच, धुक्यातल्या युनिटवर चुकून क्लिक केलेलं दिसतं ना, मग बसा सफाई देत.

आणि समोरच्याच्या वाट्याचं, त्याच्या गावाजवळचं रानडुक्कर पळवणं? एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये एका डुकरात 340 फूड असतं, सुरुवातीला ते गेलं की माणूस पाच मिनिटं रडतो आणि चॅटमध्ये शिव्या घालतो. पण तो पण स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) पाठवू शकतो ना तुझ्या डुकराकडे. चिडा, पण रिपोर्ट नका करू राव.

परत माझ्या राजधानीवर, म्हणजे त्या मित्राच्या. दोन दिवसांनी त्याने ऑटोसेव्ह (गेमने आपोआप ठेवलेली नोंद) उघडून बघितलं, आधीच्या टर्नच्या सेव्हमध्ये घोडेस्वार शहराला चिकटून उभे, आणि तो म्हणाला की मी तर तुला शहराजवळ कधी बघितलंच नाही. तेव्हा मी ते वाक्य लिहिलं, गेम करू देतंय ना. त्याने वाद घातला नाही. फक्त पुढचे तीन आठवडे तो आला नाही, सहाऐवजी पाच जण खेळलो, आणि त्याची जागा एआयने घेतली, जो बिचारा कशालाच नाइस म्हणत नाही.

मग आम्ही नियम केला, बाकी ग्रुप पण असाच करतात. दोघांचं युद्ध सुरू असेल तर टायमरचे दोन भाग, एकाने पहिल्या 45 सेकंदात हलायचं, दुसऱ्याने नंतरच्या 45 मध्ये. गेममध्ये असं कुठलंही बटण नाही, कोणी अडवत नाही, घड्याळाकडे आपणच बघायचं.

गेल्या रविवारी परत त्याचं आणि माझंच युद्ध लागलं. पहिले 45 त्याचे होते. त्याचं एक शहर उघडं होतं, माझे घोडे दोन घरांवर, आणि टायमर 71 वर होता. मी माऊसवरून हात काढला आणि बघत बसलो, त्याचे भालेवाले एकेक करून आत येत होते, आणि तो नेहमीसारखाच स्लो होता.